फोनवर बोलताना गालाने बटणं दाबली जातात? या चुका टाळा

‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ अशा वेळी आपण नेटवर्कला शिव्या घालतो, पण बरेचदा म्यूटचं बटण आपल्याच गालाने दाबलेलं असतं. कधी कॉल होल्डवर जातो, कधी कीपॅड उघडून समोरच्याच्या कानात टूं-टूं वाजू लागतं. मग ‘टच गेला’ म्हणून फोन दुरुस्तीला जातो. टच मात्र ठणठणीत असतो. बोट काय नि गाल काय, स्क्रीनच्या लेखी दोन्ही त्वचाच.

फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करायची, हे काम प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. बहुतेक फोनमध्ये तो इअरपीसच्या, म्हणजे कानाशी येणाऱ्या वरच्या छोट्या स्पीकरच्या आसपास असतो. त्यातून निघालेले इन्फ्रारेड किरण गालावर आपटून परत आले, की स्क्रीन बंद होते. त्याची नजर जेमतेम पाचेक सेंटिमीटरपर्यंतची. काही फोनमध्ये असा वेगळा सेन्सर नसतोच, तिथे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवरून अंदाज बांधला जातो.

आधी तपासा, मग सेटिंग्ज चाळा

कॉल लावा आणि इअरपीसजवळच्या भागावर अंगठा ठेवा. स्क्रीन काळी झाली आणि अंगठा काढताच परत उजळली, तर सेन्सर नीट आहे. घोळ फोन धरण्याच्या पद्धतीत किंवा सेटिंगमध्ये आहे. स्क्रीन बंदच झाली नाही, तर सेन्सरला काही दिसत नाहीये. कॉल लागताच ती काळी होऊन तशीच राहिली, तर त्याला समोर सतत काहीतरी असल्याचा भास होतोय. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की चाचणीचा मेनू उघडतो, त्यात सेन्सरही पाहता येतो.

भास होण्यामागे बहुधा टेम्पर्ड ग्लास असते: दुसऱ्याच मॉडेलची, तिरकी बसलेली, नाहीतर वरच्या कडेला हवेचा बुडबुडा राहिलेली. घाम, तेल आणि मेकअपचा थरही तोच प्रताप करतो. मऊ, किंचित ओलसर कापडाने वरची पट्टी पुसा. फरक पडला नाही तर ग्लास काढून एक कॉल करून बघा. जुनी ग्लास काढायला जीव होत नाही हे मान्य, पण खात्री करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

इअरबड लावलेत आणि फोन खिशात

ही चूक सहसा लक्षातच येत नाही. आवाज ब्लूटूथवर किंवा स्पीकरवर असला, की फोन कानाशी नाही असं गृहीत धरलं जातं आणि सेन्सरवरून स्क्रीन बंद करणं थांबतं. त्यामुळे स्पीकर चालू ठेवून फोन कानाला लावला, की गालाला मोकळं रान. खिशातल्या फोनचंही तेच. इअरबडवर कॉल घेतलात तर फोन खिशात टाकण्याआधी पॉवर बटणाने स्क्रीन लॉक करा. मात्र अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधल्या ऍक्सेसिबिलिटीत ‘पॉवर बटणाने कॉल संपवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो आधी बंद करून ठेवा. आयफोन कानाला लावून बोलताना बाजूचं बटण दाबलं गेलं तर कॉल कटतो. ते टाळायला आयओएस १६ पासून ऍक्सेसिबिलिटीतल्या ‘टच’मध्ये ‘प्रिव्हेंट लॉक टू एंड कॉल’ हा पर्याय आला आहे.

खांदा आणि गालात फोन दाबून दोन्ही हातांनी कामं उरकणाऱ्यांना मात्र कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. फोनचा वरचा भाग कानापासून सुटतो, सेन्सर हवेत राहतो आणि खालची बटणं नेमकी गालाखाली येतात. केसांवरून फोन धरला तरी असं होऊ शकतं, कारण काळे केस इन्फ्रारेड किरण बरेचसे शोषून घेतात.

खिशातले चुकीचे स्पर्श रोखणारा पॉकेट मोड चालू केला म्हणजे गालाचाही बंदोबस्त झाला, असं समजू नका. तो वेगळ्या कामासाठी आहे.

फोन रीस्टार्ट करणं आणि अपडेट टाकणं या गोष्टी फॅक्टरी रीसेटच्या आधी करायच्या. २०१० साली आयफोन ४ बाबत हीच तक्रार आली होती आणि ऍपलने आयओएस ४.१ मध्ये तिच्यावर दुरुस्ती दिली होती. सगळा डेटा पुसण्याची घाई नको.

आणि तक्रार डिस्प्ले बदलल्यानंतर सुरू झाली असेल, तर थेट दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. सेन्सरभोवती छोटंसं काळं रबर किंवा फोम असतं. जोडणी करताना ते बसवायचं राहिलं किंवा सरकलं, तर किरण काचेच्या आतूनच परत फिरतात. सेन्सरच्या जागी ते नीट बसवलंय का, एवढंच आधी विचारा. नवा सेन्सर टाकायची गोष्ट नंतर.