भुताटकीच्या घरावर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरातली लिहिती पोरं त्यांच्या पहिल्या भयकादंबरीचं बाड मला वाचायला देतात, तेव्हा मी आधी भूत शोधत नाही, घर शोधते. बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उसनं घर. बारावीतल्या एका मुलाची नायिका पंधरा वर्षांची, मंगळवार पेठेत आजोबांच्या वाड्यात राहायला आलेली. इथवर झकास. पण वाड्याला तळघर, गोल जिना, भिंतीत शेकोटी! मी विचारलं, "मंगळवार पेठेत शेकोटी कशाला रे?" तर म्हणाला, "मॅडम, त्याशिवाय भ्या वाटत न्हाई."

वाद घातला नाही. ओळखीतल्या एका जुन्या वाड्यात त्याला दिवेलागणीला घेऊन गेले. दिंडी दरवाजा, सोपा, आत माजघर. माजघराला खिडकी नाही, दिवसासुद्धा दिवा लागतो. दाराचा लाकडी अडसर जाड भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेला असतो. तो बाहेर ओढल्यावर पोरानं सहज भोकात हात घातला. कोपर आत गेलं तरी टोक लागेना, तसा त्यानं हात झटकन बाहेर काढला. मी म्हटलं, "हे लिही." पुढच्या खर्ड्यात शेकोटी नव्हती.

जुन्या घराचे आवाज आधी नीट ऐका. उन्हानं तापलेली कौलं रात्री निवताना तडतडतात. तुळईत भुंगा कोरतो आणि त्याचा भुसा अंथरुणावर पडतो. घूस भिंतीच्या पायाशी माती उकरते. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एवढंच द्या, कारणासकट द्या. वाचकाला त्या आवाजांची सवय झाली की एकच आवाज चुकीच्या वेळी आणा. आठवडाभर झड लागलीय, कौलं गारठलीत, आणि रात्री तीच तडतड. हे साधायला धीर लागतो. पहिल्याच पानावर पांढऱ्या साडीतली बाई उभी करणाऱ्यांकडे पाचव्या पानावर दाखवायला काही उरत नाही.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच छळते: एवढं सगळं होऊनही ही माणसं घर सोडून का जात नाहीत? "दार आपोआप बंद झालं" हे उत्तर मी मान्य करत नाही. खरं उत्तर आपल्या घराघरांत आहे. वाटणीचा दावा चालू आहे आणि ताबा सोडला तर हक्क जाईल, या धास्तीनं माणसं गळक्या घरातही वर्षानुवर्षं राहतात. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, म्हणून चुलत्याला आत्याची सही हवी असते हक्कसोडपत्रावर. दिवाळीला जेवायला बोलावलेल्या आत्यापुढे ताटाआधी कागद येतो. आता कल्पना करा, वारसनोंदीसाठी वंशावळ लिहायचीय आणि अक्षर चांगलं म्हणून ते काम नायिकेला दिलंय. ती नावं मोजते, आजोबांची भावंडं एकानं कमी भरतात. त्या गाळलेल्या मुलीला या घरात काय हवंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. भूत घराण्यातलंच हवं. वाटसरू भुताला कुटुंबाच्या कादंबरीत जागा नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. श्रावणात विजा कडाडवू नका. विजा सहसा वळवाच्या आणि परतीच्या पावसात असतात, श्रावणातला आपला पाऊस नुसता धरून बसतो. घर पंचगंगेच्या बाजूला असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या मुलांना राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी चढतंय आणि आजी माजघरातून हलायला तयार नाही, एवढ्यावर तीन प्रकरणं उभी राहतात. मोबाईलची रेंज घालवणं हा आळस आहे. मांत्रिकाला तारणहार करू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुमचा वाचक चौदा-पंधराचा आहे. नायिका दहावीत असेल तर तिचा क्लास, सराव परीक्षा दिसू द्या. पेठेतल्या पोरांच्या तोंडी मालिकेतलं मराठी घालू नका.

दोन प्रकरणं झाली की "मॅडम, प्रकाशक सुचवा" असा मेसेज येतो. त्याला मी उत्तर देत नाही. मोबाईलकडून लिहून घेतलेलं प्रकरणही लगेच कळतं: त्यात प्रत्येक जिना करकरतो आणि कुठल्याच घरात फोडणीचा वास नसतो.

माझी सवय अशी की लेखकानं घराचा नकाशा काढून आणल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही. कोण कुठं झोपतं, दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर, न्हाणी कुठं, सगळं त्यात हवं. संडास परसात असेल तर तिथवरची पावलं मोजून लिहायला लावते, कारण रात्री दोन वाजता त्या पोरीला तेवढं अंतर एकटीनं जावं लागणार आहे.