स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचा तिरका नेक सरळ कसा करावा

पंधराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे पातळ ई तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरायला लागली, की ‘ट्रस रॉड फिरव’ म्हणून सांगणारा कुणीतरी भेटतोच. ऐकू नका. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातला धातूचा दांडा; तो नेकचा पुढे-मागे आलेला बाक काढतो. आडव्या दिशेने तो नेक केसभरही हलवत नाही.

आधी तारेची दोन्ही टोकं बघा. पहिल्या फ्रेटवरही तार कडेला असेल, तर दोष नटचा, म्हणजे खुंट्यांपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. तिथे नीट आणि शेवटच्या फ्रेटवर कडेला असेल, तर नेक तिरका बसलाय. बॉडीकडच्या ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) सरकलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.

तारा ढिल्या करा, बॉडीच्या मागे नेक धरून ठेवणाऱ्या प्लेटचे चारही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा. गिटार वाजवायला घेतो तशी धरा. पातळ तार घसरत असेल तर हेड (नेकचं खुंट्यांचं टोक) हनुवटीकडे ढकला, जाड घसरत असेल तर जमिनीकडे. बारीकसा ‘कट्’ आवाज येतो. नेक तसाच धरून स्क्रू समोरासमोरचे असे आवळा. बॉडीतल्या खोबणीत नेक पाव मिलिमीटर वळला तरी नटपाशी तो दीडेक मिलिमीटर सरकतो, तेव्हा पहिलवानकी नको.

स्वस्त गिटारचं घोडं पेंड खातं ते इथेच. तारा चढवल्या, की नेक परत तिरका. माझ्या पहिल्या गिटारवर एका पावसाळ्यात मी हा खेळ सहा-सात वेळा केला. शेवटी वैतागून स्क्रू इतका पिळला, की नेकमधले त्याचे आटेच गेले. नेक बाहेर काढल्यावर उजेड पडला : स्क्रू बॉडीतल्या भोकांनाही आटे पाडून बसले होते. असं झालं, की स्क्रू नेकला बॉडीकडे ओढूच शकत नाही. दोघांमध्ये कागदाएवढी फट राहते, आणि स्क्रू कितीही आवळा, नेक त्या फटीवर डुलत राहतो.

म्हणून नेक काढा आणि प्रत्येक स्क्रू बॉडीच्या भोकात नुसता बोटाने ढकलून बघा. न फिरवता आरपार गेला पाहिजे. अडकला, तर भोक मोठं करा. स्क्रू साधारण सव्वाचार मिलिमीटरचा असतो. साडेचारचं बिट पुरतं. खोबणीत लाकडाचा ठोकळा दाबून धरा आणि प्लेटच्या बाजूने सरळ भोक पाडा, नाहीतर खोबणीतल्या भोकाच्या कडा फुटतात. नेकच्या भोकांना मात्र ड्रिल लावायचं नाही! तिथले आटेच नेक धरून ठेवतात. आटे गेलेल्या भोकात आगपेटीच्या काड्या कोंबायला सांगतात. ते मऊ लाकूड पुढे ढिलं होऊ शकतं. बांबूची काडी फेव्हिकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या, मग बारीक बिटने नवं भोक पाडा.

परत बसवताना स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो. स्क्रू आधी उलटा फिरवा; ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला, की मगच सुलटा आवळा. शेवटची पाव फेरी तारा थोड्या ताणून, दोन्ही ई तारा कडांपासून सारख्या अंतरावर आहेत ना ते बघत द्या.