आईसाठी वृद्धनिवास बघताना
सोलापुरात वृद्धनिवास बघायचा तर मे महिन्यात, भर दुपारी जा. पारा ४० अंशांच्या पुढे असतो. वरच्या मजल्यावरची खोली किती तापते, कूलरमध्ये पाणी कोण भरतं, वीज गेली तर काय, हे तेव्हाच कळतं. आईसाठी मी तसंच केलं. रात्री बेल वाजवली तर कोण उठतं, ते विचारा. बाथरूममधली दांडी स्वतः धरून बघा. जेवा तिथंच. दात नसलेल्यांना कडक भाकरी आमटीत भिजवून देतात का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अनामत परतीच्या अटी लेखी घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेतात का, हा आईचा पहिला प्रश्न होता, तोही विचारा. पुढे अडचण आलीच, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.