राउटरचं पान उघडत नाही? टाचणी घेण्याआधी या चुका टाळा

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत एका काकांनी शनिवारी संध्याकाळी वायफायचा पासवर्ड बदलायला घेतला. सेटिंगचं पान काही उघडेना. शेवटी त्यांनी टाचणी घेतली आणि राउटरच्या मागचं रिसेटचं बारीक भोक दाबून धरलं. पान तर उघडलं नाहीच, वर नेटही गेलं. नेटवाल्याचा माणूस आला थेट सोमवारी दुपारी.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिसेट म्हणजे रीस्टार्ट नव्हे. नुसतं बटण बंद करून चालू केलं तर सेटिंग तशीच राहते, रिसेट केलं की सगळी पुसली जाते. बऱ्याच कनेक्शनमध्ये राउटरच्या आत पीपीपीओईचा, म्हणजे नेटवाल्याच्या सेवेशी जोडून घेण्याचा, युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. तो नेटवाल्याने जोडणीच्या दिवशी टाकलेला असतो, आपल्याला माहीतही नसतो. तो गेला की वायफाय दिसतं, नेट मात्र येत नाही. म्हणून नेटवाल्याकडून हे दोन्ही आजच मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

बहुतेक वेळा रिसेटची गरजच नसते. काकांचंच बघा. त्यांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता, त्यामुळे राउटरचं पान उघडायच्या पत्त्यातले (१९२.१६८.१.१ असा काहीसा) आकडे देवनागरीत पडत होते आणि ब्राउझर ते शोधायला गुगलवर पाठवत होता. पत्ता इंग्रजी आकड्यांतच टाका, मध्ये स्वल्पविराम नको, टिंबच हवं, आणि तोही ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या पट्टीत.

शिवाय पत्ता अंदाजाने टाकू नका. १९२.१६८.१.१ सगळ्यांना पाठ असतो, पण कुणाचा १९२.१६८.०.१ असतो, तर जिओच्या फायबरवाल्यांचा सहसा १९२.१६८.२९.१. आपला नेमका कोणता, ते मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या शब्दापुढे दिसतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची ओळ वाचा. नेटवाल्याच्या डब्याला स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल तर पत्तेही दोन असू शकतात. गेटवे म्हणून दिसतो तो सहसा तुम्ही ज्याच्या वायफायवर आहात त्याचा.

पत्ता बरोबर असूनही पान येत नसेल तर मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन चालू असेल तर तोही. कधी कधी फोन वायफाय सोडून डेटावरून जायला बघतो, आणि घरातला पत्ता बाहेर सापडणार कसा? गेस्ट वायफायवरूनही हे पान बहुधा उघडत नाही. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. पत्ता तुमच्याच राउटरचा असेल तर पुढे जायला हरकत नाही.

लॉगिनला वायफायचा पासवर्ड टाकणं ही घरोघरची चूक. दोन्ही वेगळे. लॉगिनचा सहसा राउटरच्या तळाशी स्टिकरवर असतो. राउटर उलटा करून त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण स्टिकरवरची अक्षरं काही वर्षांत पुसट होतात. चुकीचा पासवर्ड सारखा टाकत राहू नका, बरेच राउटर काही वेळ कुलूपच लावतात.

आत गेल्यावर आधी लॉगिनचा पासवर्ड बदला. राउटरसोबत आलेला ‘ॲडमिन’सारखा पासवर्ड तसाच ठेवला तर तुमच्या वायफायवर आलेला कुणीही पाहुणा सेटिंगमध्ये शिरू शकतो. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा, सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. ‘वॅन’ या भागाला मात्र हात लावू नका, पीपीपीओई तिथेच असतं. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं असेल तर पावसाळ्यात दुप्पट काळजी घ्या. जोराची सर आली की आमच्याकडे लाइट हमखास जाते, आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. इन्व्हर्टर नसेल तर आभाळ मोकळं असेल तो दिवस निवडा.

आणि नेटवाल्याच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS) लाल दिवा लागला असेल तर सेटिंग उघडूच नका. फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. वायर कुठे दुमडली आहे का बघा आणि नेटवाल्याला फोन लावा.