चर्चमध्ये कपड्यांची ड्राइव्ह करताय? आधी बोहारणीच्या नजरेने बघा

शिकागोच्या आसपास, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉम्बर्ग वगैरे भागात राहणारे आपले काही जण इथल्याच चर्चमध्ये जातात, आणि थंडीची चाहूल लागली की उपासनेनंतर कोणीतरी उभं राहून म्हणतं चला डाउनटाउनच्या मिशनसाठी, म्हणजे बेघरांना आसरा देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेसाठी, कपडे जमवू, सगळे हो हो म्हणतात, लॉबीत एक मोठा खोका येतो आणि गाडी तिथेच घसरते. कपडे जमतातच हो, अमेरिकेत कपडे जमवायला फार अक्कल लागत नाही, नको ते कपडे अडवायला लागते. यंदा ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

उदाहरण म्हणून पॅसिफिक गार्डन मिशन धरू. १८७७ मध्ये कर्नल जॉर्ज क्लार्क आणि त्यांची बायको सारा यांनी ते सुरू केलं, नंतर ज्या जागेत गेलं तिथे आधी पॅसिफिक बिअर गार्डन नावाचा गुत्ता होता, तर त्या काळचे नावाजलेले ख्रिस्ती प्रचारक डी. एल. मूडी म्हणाले नावातली बिअर तेवढी काढा बाकी राहू द्या :) बेसबॉलवाला बिली संडे १८८६ मध्ये इथेच प्रभूकडे वळला आणि पुढे मोठा प्रचारक झाला. २००७ पासून हे मिशन साउथ कॅनल स्ट्रीटवर आहे, पुरुष, बायका, मुलं सगळ्यांना निवारा मिळतो, जेवण मिळतं, कपडे मिळतात. तुमचं चर्च दुसऱ्या कुठल्या मिशनला मदत करत असेल तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे.

पहिलं काम फोन. खोका ठेवायच्या आधी, पोस्टर छापायच्या आधी. मिशनमध्ये वस्तूंची देणगी कोण बघतं ते विचारा आणि त्यांच्याकडून आत्ता काय हवंय, काय अजिबात नको आणि माल कुठल्या वारी किती वाजता घेता एवढं लिहून घ्या. मागच्या वर्षीच्या यादीवर जाऊ नका, गेल्या महिन्यात कोणी ट्रकभर स्वेटर देऊन गेलं असेल तर तुमचे स्वेटर ठेवायलाही जागा नसते.

तारीख ठरवताना थँक्सगिव्हिंग ते नाताळ हा काळ शक्यतो टाळा, तेव्हा सगळं शहर देत असतं. ऑक्टोबर सगळ्यात बरा, बर्फ पडायच्या आधी कोट माणसाच्या अंगावर जातो. नाहीतर मग सरळ जानेवारीच्या शेवटी करा, तेव्हा देणारे आटलेले असतात आणि थंडी मात्र ऐन भरात. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता यादी. खोक्यात आपोआप काय येतं तर बायकांचे टॉप, लहान मुलांचे अंगाला न बसणारे कपडे आणि ऑफिसचे शर्ट. आणि शहरातल्या मिशनमध्ये रात्री झोपायला येणाऱ्यांत पुरुष जास्त, मोठ्या साइजचे, ज्यांना जीन्स हवी, पट्टा हवा, हूडी हवी, कामाचे जाड बूट हवेत कारण बांधकामावर किंवा गोदामात रोजंदारी मिळाली तर साध्या स्नीकर्सवर उभं करत नाहीत. गडद रंग मागा, धुवायची सोय रोज नसते. सूटकेसपेक्षा पाठीवरची सॅक मागा, ज्याला घर नाही तो सगळं पाठीवर घेऊन हिंडतो.

आणि मोजे! मोजे आणि आतले कपडे नवे, पाकीटबंद, हे पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात. वापरलेले कोणी घेत नाही आणि नवे आपणहून कोणी देत नाही. दिवसभर चालून, बर्फाच्या चिखलात भिजून मोजे दोन आठवड्यात संपतात, ओल्या मोज्यात पाय तासन् तास राहिले तर कातडी सडायला लागते, हे काही मी घाबरवायला सांगत नाहीये. माझं मत विचाराल तर अर्ध्या चर्चने फक्त मोजे आणले तरी ड्राइव्ह चांगली झाली म्हणायची. एक युक्ती चालते, संडे स्कूलच्या वर्गांना वाटून द्या, एक वर्ग मोजे, एक वर्ग हातमोजे, तरुण संघ थर्मल म्हणजे थंडीत आतून घालायचे गरम कपडे, बायकांच्या मंडळाकडे बायकांचे नवे आतले कपडे कारण ते कोणी मागायलाही लाजतं. "काहीही आणा" म्हटलं की काहीही येतं.

मग छाननीचा दिवस, ड्राइव्हचा खरा जीव इथे आहे. बोहारीण आठवतेय ना? दारात बसून साडी उजेडाकडे धरून विरलीय का बघायची, पँटची चेन दोनदा ओढायची, कॉलर उलटी करायची आणि नाक मुरडून बाजूला सारायची, आणि आपण एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायचो. तीच नजर इथे हवी. उपासनेनंतर हॉलमध्ये लांब टेबलं लावा, कॉफी ठेवा, आणि चार-पाच खमक्या लोकांना बसवा ज्यांना नाही म्हणता येतं, भिडस्त माणूस या कामाला उपयोगाचा नाही. प्रत्येक कपडा: डाग, वास, चेन, बटणं, काखेतली शिवण. खिसे उलटे करा, चाव्या, टिश्यू, कानातलं, काय काय निघतं. न धुतलेला वाटला तर धुवा, ढेकणांची शंका आली तर ड्रायरमध्ये कडक हीटवर अर्धा तास, ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात.

मनात प्रश्न एकच ठेवा, हा शर्ट माझा भाऊ उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला घालेल का? बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला होता ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, त्यातला फाटका द्यावा असं काही म्हणाला नाही. जे बाद होईल ते टेक्स्टाइल रिसायकलिंगला पाठवा, मिशनच्या डोक्यावर नको, नाहीतर तिथल्या माणसांचा वेळ आपल्या चिंध्या फेकण्यात जातो. जरीच्या साड्या, शेरवान्या, कुर्ते आले तर प्रेमाने परत करा, काकू रागावतील, रागावू द्या.

पॅकिंग पारदर्शक पिशव्यांत करा, आणि एका पिशवीत एकच प्रकार, एकच साइज. वर मास्किंग टेप लावून जाड मार्करने लिहा, "पुरुष, एक्सएल, जॅकेट", अर्थात इंग्रजीत. बूट जोडीने लेस बांधून. कोटाच्या खिशात धर्मप्रचाराच्या पत्रिका, बायबलमधल्या वचनांची कार्डं कोंबू नका, मिशन स्वतःचं ते काम रोजच करतं.

पोचवायला दोन मिनीव्हॅन पुरतात, ठरलेल्या वेळेलाच जा, रात्री दाराशी पिशव्या टाकून पळू नका, पावसात भिजलं की सगळं कचऱ्यात. तिथे राहणाऱ्या लोकांचे फोटो काढायचे नाहीत, पिशव्यांचे काढा हवे तर.

पावतीबद्दल कोणीतरी विचारणारच. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त किमतीचं दान असेल तर लेखी पोच लागते, वर्षभरातलं वस्तूरूप दान ५०० डॉलरच्या वर गेलं तर टॅक्स रिटर्नसोबत फॉर्म ८२८३ जोडावा लागतो. कपड्यांची किंमत आपली आपण ठरवायची, संस्था ठरवून देत नाही, आणि कपडे चांगल्या अवस्थेतले हवेत असा आयआरएसचाच, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याचाच नियम आहे, म्हणजे बघा आयआरएस पण बोहारीणच. जे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे देणग्यांचा वेगळा हिशेब न देता सरसकट ठरलेली वजावट घेतात त्यांना या कपड्यांचा टॅक्समध्ये काही फायदा नाही, हे आधीच सांगून टाका म्हणजे एप्रिलमध्ये तुम्हाला फोन येणार नाहीत.

आणि शेवटच्या रविवारी लॉबीतला खोका उचलायचा. राहिला तर लोक त्यात ईस्टरपर्यंत टाकत राहतात आणि मग ते सगळं पाळकांच्या गॅरेजमध्ये जातं.