ट्रूक्रिप्टमधला जुना डेटा व्हेराक्रिप्टमध्ये कसा हलवावा

ट्रूक्रिप्ट हे फाइली आणि डिस्क एन्क्रिप्ट करणारे, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद करणारे सॉफ्टवेअर. २८ मे २०१४ रोजी त्याच्या निनावी निर्मात्यांनी ‘हे सॉफ्टवेअर सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन काम थांबवले आणि त्यात चोरदरवाजा (पासवर्डशिवाय आत शिरण्याची गुप्त वाट) असल्याच्या शंकेला जोर आला. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या स्वतंत्र तपासणीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा आढळला नाही. मात्र खऱ्याखुऱ्या चुका आढळल्या, आणि ज्यांच्याकडे त्या काळातले कंटेनर (ज्यांत इतर फाइली कुलूपबंद ठेवतात अशा फाइली) अजून पडून आहेत त्यांनी शंकेपेक्षा या चुकांची काळजी करावी, असे माझे ठाम मत आहे.

असे कंटेनर उघडण्याची सोय व्हेराक्रिप्टने, म्हणजे ट्रूक्रिप्टवरूनच पुढे बनवलेल्या सॉफ्टवेअरने, १.२६ या मालिकेपासून काढून टाकली असल्यामुळे या कामापुरती १.२५.९ ही आवृत्ती अधिकृत ठिकाणाहून घ्यावी आणि चालवण्यापूर्वी तिची पीजीपी स्वाक्षरी (फाइल अस्सल असल्याची डिजिटल खूण) पडताळावी. जुन्या कंटेनरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे एक मोह टाळावा लागतो. जुन्या कंटेनरचा नुसता पासवर्ड बदलला की तो व्हेराक्रिप्टच्या स्वरूपात येतो, पण बदलतो तो फक्त हेडर, म्हणजे कंटेनरच्या सुरुवातीचा माहितीचा छोटा भाग. ज्या मूळ किल्लीने आतला सगळा डेटा कुलूपबंद आहे, ती तीच राहते. तपासणीत असे दिसले होते की किल्ली बनवण्यासाठी विंडोजकडून रँडम (अंदाज न येणारे) आकडे मिळाले नाहीत, तरी ट्रूक्रिप्ट काही न सांगता तसेच पुढे जात असे. असे क्वचितच घडत असेल, तरी आपली किल्ली अशाच वेळी तयार झाली नाही ना, हे आज तपासता येत नाही. म्हणून नवा कंटेनरच तयार करावा. तो तयार होताना खिडकीतली पट्टी पूर्ण भरून हिरवी होईपर्यंत माउस आडवातिडवा फिरवत राहावे, कारण त्या हालचालींतूनही नव्या किल्लीसाठी रँडमपणा गोळा होतो. मग पासवर्डच्या चौकटीतला ‘ट्रूक्रिप्ट मोड’ निवडून जुना कंटेनर माउंट करावा (म्हणजे वेगळ्या ड्राइव्हसारखा उघडावा), फाइली नव्यात उतरवाव्यात आणि त्यांतल्या काही उघडून पाहाव्यात. नवा कंटेनर उघडायला काही सेकंद जास्त लागतात, कारण पासवर्डपासून किल्ली काढताना ट्रूक्रिप्ट फार तर २,००० फेऱ्या करत असे, तर व्हेराक्रिप्ट अशा कंटेनरसाठी लाखो फेऱ्या करते.

यानंतर विंडोजवरून ट्रूक्रिप्ट काढून टाकावे. त्याच्या ड्रायव्हरमध्ये (विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या भागात) २०१५ मध्ये सापडलेल्या दोषामुळे साध्या खात्यावरून प्रशासकाचे अधिकार मिळवता येतात, आणि तो दोष ट्रूक्रिप्टमध्ये कधीच दुरुस्त झाला नाही. संपूर्ण सिस्टीम डिस्कच ट्रूक्रिप्टने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मात्र आधी ती पूर्ण डिक्रिप्ट करावी, म्हणजे तिचे कुलूप काढावे.

शेवटी व्हेराक्रिप्टची ताजी आवृत्ती बसवावी. नव्या कंटेनरला जुना पासवर्ड देऊ नये. कारण एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) किंवा पेनड्राइव्हवरून पुसलेल्या जुन्या प्रतीचे अंश मागे राहू शकतात आणि फेऱ्या कमी असल्यामुळे त्यांच्यावर पासवर्डचे अंदाज फारच वेगाने लावून पाहता येतात.