अर्ध्या फोटोवरून जुनी गाडी ओळखताना: दिसणारा भाग कुणाचा, ते आधी ठरवा

फोटोत दिसतं काय, तर मागचं मडगार्ड, दाराचा अर्धा भाग, टपाची कड आणि गाडीला टेकून उभे असलेले कुणाचे तरी आजोबा. प्रश्न एकच असतो, ही गाडी कुठली? ज्याला हा नाद लागलाय त्याच्या डोक्यात पहिल्या काही सेकंदांतच एक नाव येतं. त्या नावापासून सावध राहा. नाव लवकर सुचलं की पुढचा तासभर आपण फोटो बघतच नाही, सुचलेल्या नावासाठी साक्षीदार गोळा करत बसतो.

व्हेटरन, व्हिंटेज, क्लासिक या जुन्या गाड्यांच्या काळानुसार गटांतला फरक, रेडिएटरचे आकार, नामवंत कंपन्यांची चिन्हं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. रेडिएटर आणि चिन्ह दिसत असेल तर तुम्हाला माझी गरजच नाही. अडचण सुरू होते ती हे दोन्ही चौकटीबाहेर राहिले की.

मला सगळ्यात जास्त काळ अडकवून ठेवलं ते टपाने. टपावरून गाडीचं नाव सांगता येत नाही. हे वाक्य साधं वाटेल, पण नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच ठिकाणी घसरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५९ आणि १९६० मधल्या जनरल मोटर्सच्या चार दारी हार्डटॉप (बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेल्या) गाड्या घ्या. टप एकदम सपाट, मागे छज्जासारखा थोडा बाहेर आलेला, आणि खालची मागची काच दोन्ही कोपऱ्यांभोवती वळलेली. एकदा पाहिलं की विसरता येत नाही असा आकार. मागच्या मडगार्डांवर पंख असलेल्या गाड्या म्हटलं की आपल्याला आधी कॅडिलॅक आठवते, त्यामुळे हा टप दिसला की बोट आपोआप कॅडिलॅककडे जातं. पण हाच टप शेवरोलेट, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि कॅडिलॅक, पाचही नावांखाली विकला गेला. फोटोत फक्त टप आणि काच असेल तर तुम्ही एवढंच म्हणू शकता: जनरल मोटर्स, चार दारी हार्डटॉप, १९५९ किंवा १९६०. त्याच्या पुढचं प्रत्येक अक्षर अंदाज आहे.

हे असं का, ते समजून घ्या, कारण कारण कळलं की पाठांतर लागत नाही. पत्र्याला आकार देणारे प्रेसचे डाय, म्हणजे साचे, प्रचंड महाग असतात. टप, काचेच्या चौकटी, दारांचा सांगाडा हे भाग प्रत्येक नावासाठी वेगळे करणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. म्हणून आतली बॉडी सामायिक ठेवायची (जनरल मोटर्समध्ये हे काम फिशर बॉडी या विभागाकडे होतं) आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरणारे भाग बदलायचे. मडगार्ड, ग्रिल, दिव्यांभोवतीची कड, बाजूची क्रोमपट्टी, हे ते भाग. १९५९ मध्ये शेवरोलेटचे पंख आडवे पसरलेले आणि त्यांखाली थेंबासारखे लांबट दिवे, ब्युइकचे पंख तिरके आणि दिवे गोल, तर कॅडिलॅकचा पंख उंच आणि त्यात बंदुकीच्या गोळीसारखे दोन दिवे. म्हणजे त्याच फोटोत पंखाचा वीतभर तुकडा जरी आला, तरी उत्तर मिळतं. टप अख्खा आला तरी मिळत नाही.

यातून माझी एक सवय पक्की झाली. फोटोत दिसणारा प्रत्येक भाग बघून आधी विचारायचं, हा भाग कुणाचा? बॉडीच्या कुटुंबाचा, विकणाऱ्या नावाचा, बाहेरच्या पुरवठादाराचा, की नंतरच्या मालकाने लावलेला? हे ठरेपर्यंत नाव घ्यायचं नाही.

ब्रिटिश गाड्यांत हाच घोळ आणखी दाट आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५८ च्या अखेरीपासून फारिना या इटालियन डिझायनरच्या रेखाटनावर एकच मधल्या आकाराची गाडी काढली आणि ती ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, एमजी मॅग्नेट, रायली आणि वूल्झली अशा पाच नावांनी विकली. फरक ग्रिलमध्ये, पंखांच्या कापात आणि सजावटीत. वर आणखी गंमत म्हणजे त्याच सुमारास त्याच हाताने प्यूजो ४०४ काढली, आणि फियाट १८००/२१०० ही त्याच वळणाची. त्यांचा पत्रा या ब्रिटिश गाड्यांशी सामायिक नाही, पण चेहरामोहरा इतका जवळचा की मागच्या कोपऱ्याच्या धूसर फोटोवर भलेभले वाद घालतात. इथे घाई करू नका. दाराची मूठ, पेट्रोलच्या झाकणाची जागा, टेललाइटच्या भिंगातले विभाग असे बारीक तपशील मोठा करून पाहा.

युद्धापूर्वीच्या महागड्या गाड्यांत तर मामला उलटाच. तिथे कंपनी चासी, इंजिन, रेडिएटर आणि बहुधा बोनेट देत असे, आणि मागचं सगळं कोचबिल्डर बांधत असे. हूपरने रोल्स-रॉइसवरही बॉडी बांधल्या आणि डेमलरवरही. त्यामुळे मागचा अर्धा भाग दिसला तर कोचबिल्डर कळू शकतो, कंपनी नाही. अशा वेळी नजर खाली न्या, चाकं, हब, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्याकडे. तो भाग चासीचा, म्हणजे कंपनीचा. आठ चपट्या आऱ्यांचं ओतीव ॲल्युमिनियमचं चाक दिसलं तर बुगाटी टाइप ३५ चा विचार करा, ती १९२४ ची. पुढच्या ॲक्सलवर एकच आडवा पाटा दिसला तर फोर्डचा विचार करा. अमेरिकन फोर्डने तो १९४८ पर्यंत सोडला नाही.

दिव्यांवर विश्वास ठेवताना तर दहा वेळा विचार करा. ल्युकासचे पी-१०० हे मोठे हेडलाइट बेंटलीवरही आहेत आणि इतर कितीतरी ब्रिटिश गाड्यांवरही, कारण ते विकत मिळत. रज-व्हिटवर्थची तारेची चाकंही तशीच, देश ओलांडून गेलेली. पुढच्या काळात छोट्या कारखान्यांनी सरळ मोठ्या कारखान्यांचे दिवे उचलले. लॅम्बोर्गिनी मिउराचे हेडलाइट फियाट ८५० स्पायडरचे आहेत आणि एस्पाडाचे टेललाइट फियाट १२४ कूपेचे. फक्त दिवा दिसणाऱ्या फोटोवर 'लॅम्बोर्गिनी' लिहिणारा आणि 'फियाट' लिहिणारा, दोघंही एकाच चुकीच्या पायरीवर उभे असतात.

याला खरा अपवाद पिअर्स-ॲरो या अमेरिकन कंपनीचा. १९१४ पासून त्यांचे हेडलाइट मडगार्डमध्येच बसवलेले असत. त्या काळातल्या फोटोत मडगार्डमधूनच उगवलेला दिवा दिसला तर जवळजवळ खात्रीने बोलता येतं. जवळजवळ एवढ्यासाठी, की ज्यांना ते आवडत नसत त्यांना साधे दिवेही मागवता येत. म्हणजे मडगार्डात दिवा नाही, म्हणून पिअर्स-ॲरो नाही, असं उलटं म्हणता येत नाही.

दुसऱ्या देशात नव्या नावाने बनलेल्या गाड्या हे तर वेगळंच प्रकरण. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका म्हणजे आपली ॲम्बेसेडर, हिलमन हंटर म्हणजे इराणची पेकान, युद्धापूर्वीची ओपेल काडेट म्हणजे युद्धानंतरची रशियन मॉस्कविच ४००. फियाट १२४ आणि रशियन झिगुली यांत दाराची मूठ बघा, झिगुलीची मूठ पत्र्यात आत बसवलेली. बाकी जिथे फरक दिसत नाही तिथे पार्श्वभूमी, नंबरप्लेट, पाट्या यांचा आधार घ्या, आणि तसं स्पष्ट लिहा.

आता धीराची गोष्ट. एवढं वाचून हे आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल, तर तसं नाही. नाव हट्टी असतं, पण काळ बराच सहज सापडतो, आणि काळ सापडला की उमेदवार पटापट गळतात. अमेरिकन गाड्यांत कायद्यानेच खुणा ठेवल्यात. १९४० पासून गोल सीलबंद हेडलाइट, चार दिव्यांची जोडी सर्रास १९५८ पासून, कोपऱ्यांवर बाजूचे छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर १९६८ पासून, आणि १९७३-७४ पासून धक्का सोसणारे जाडजूड बंपर. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट होते, रंगीत फोटोत ते लगेच कळतात. फोक्सवॅगन बीटलची मागची काच दुभंगलेली असेल तर १९५३ च्या वसंतापर्यंतची, लंबगोल असेल तर त्यानंतर १९५७ पर्यंतची. फोर्ड मॉडेल टीचा रेडिएटर पितळी असेल तर १९१६ पर्यंतची, काळा असेल तर १९१७ पासूनची. चाकाला तीनच बोल्ट असतील तर फ्रेंच गाड्यांकडे वळा, सिट्रोएन २सीव्ही आणि रेनो ४ तिथेच सापडतील.

पण या खुणा वाचताना एक भेद पाळा. नटबोल्टने बसणारी वस्तू आणि पत्र्यात कापलेला आकार यांची किंमत सारखी नाही. बंपर, दिवे, हबकॅप, आरसे, पांढऱ्या कडेचे टायर हे सगळं नंतर बदलतं, त्यामुळे अशी वस्तू सांगते ते फक्त 'फोटो याच्या आधीचा नाही' एवढंच. काचेचं भोक, दाराची बिजागरी, बोनेटवरच्या फटींची रांग या गोष्टी बदलायला पत्रा कापावा लागतो. तेही लोक करतात. १९६३ च्या कॉर्व्हेटची दुभंगलेली मागची काच त्या एकाच वर्षापुरती होती, आणि तरी काही मालकांनी मधली पट्टी काढून पुढच्या वर्षीची अखंड काच बसवली. पण असं क्वचितच.

फोटोही फसवतो. निगेटिव्ह उलटी छापली गेली की स्टिअरिंग बाजू बदलतं. पाटीवरची अक्षरं, कोटाची बटणं तपासा. आणि स्टिअरिंग उजवीकडे म्हणजे ब्रिटन, हा निष्कर्ष तर काढूच नका. बुगाटी, लान्चिया, युद्धापूर्वीच्या अल्फा रोमिओ उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत लोक रस्त्याच्या डावीकडून आणि बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या चालवत. कृष्णधवल फोटोत रंगावरूनही बोलू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल गाडी काळी छापली जाई आणि निळी फिकट. शर्यतीच्या फोटोत चाकं पुढे कललेली दिसली तर तो कॅमेऱ्याच्या सरकत्या शटरचा परिणाम आहे, गाडीची रचना नव्हे.

फोटो टाकून नाव शोधून देणाऱ्या साधनांबद्दल माझं मत कडक आहे. शिकण्याच्या पहिल्या काळात त्यांना हात लावू नका. ज्या गाडीचे फोटो जास्त, तिच्याकडेच ती ओढतात, आणि वर सांगितलेली कॅडिलॅकची ओढ आपल्याला आधीच पुरेशी असते. स्वतः तीन उमेदवार काढल्यावर ताडून बघायला वापरा, त्याआधी नाही. त्यापेक्षा त्या काळची विक्रीची माहितीपत्रकं आणि सुट्या भागांची कॅटलॉग वाचा. भागांची यादी कंटाळवाणी असते, पण कुठला भाग किती मॉडेलना चालतो ते तिच्यात छापलेलं असतं, आणि या विद्येचा गाभा तोच आहे.

गुरू निवडतानाही झटकन नाव सांगणाऱ्यामागे जाऊ नका. 'कशावरून?' असं विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून शिकण्यासारखं थोडंच असतं. ज्याने स्वतःच्या हातांनी दारं उतरवलीत, मडगार्ड ठोकून सरळ केलीत, असा डेंटिंगचा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. तो वर्ष चुकवेल, पण हे दार कुठल्या गाडीला बसतं आणि कुठल्या गाडीला बसत नाही, ते त्याला बरोबर माहीत असतं.

सरावासाठी माहीत असलेल्या गाड्यांचे पूर्ण फोटो घ्या, स्वतःच कापून त्यांचे तुकडे करा आणि काही दिवसांनी, नाव विसरल्यावर, ते पुन्हा ओळखायला बसा. कुठल्या तुकड्यातून उत्तर निघतं आणि कुठल्यातून निघूच शकत नाही, हे यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. मी अजून करतो, आणि अजूनही युरोपातल्या १९३० च्या दशकातल्या छोट्या बंद गाड्यांसमोर माझी दमछाक होते.

उत्तर लिहिताना जिथवर पुरावा जातो तिथवरच लिहा, आणि कशावरून ते सोबत द्या. 'फारिना बॉडी, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, नाव ठरत नाही' हे पूर्ण उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही. आणि फोटो घरचा असेल तर ओळखायला बसण्याआधीच मूळ प्रिंट मागा. अल्बमच्या कोपऱ्यांत किंवा स्कॅन करताना कडा कापल्या जातात, मागच्या बाजूला तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असतो, आणि रीळ सापडलं तर पुष्कळदा त्याच दिवशी काढलेल्या पुढच्या फोटोत रेडिएटर समोरच असतो.